पात्रांना बोलते करणाऱ्या सुगंधाबाई

सुगंधाबाई भोपी यांची आणि माझी पहिली भेट पनवेलमध्ये तळ्याजवळच्या एका वाचनालयात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत झाली. दर शनिवारी संध्याकाळी बाई तिथे कथालेखनाचा वर्ग घेत. शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका, नावावर काही कथासंग्रह, आणि वर्गाला शुल्क नाही, एवढेच मला त्यांच्याविषयी ठाऊक होते. मी मूळची साताऱ्याकडची. लग्नानंतर कामोठ्याला आले आणि न्हावा शेवा बंदराशी संबंधित एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रांचे काम करू लागले. त्या संध्याकाळी पर्समध्ये माझी पहिलीवहिली कथा होती. ती ऐकून सगळे अवाक होतील अशी माझी खात्री होती.

कथेत एक दुष्ट साहेब होता. तो रजा नाकारायचा, सगळ्यांदेखत ओरडायचा, बायकांच्या अडचणींना हसायचा. माझ्याच कचेरीतले साहेब मी नाव बदलून घेतले होते. वाचून झाले. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि विचारले,

“शुभदाताई, हा माणूस डब्यात काय आणतो?”

“कोण?”

“तुमचा साहेब.”

“कथेत ते आलेलं नाही.”

“कथेत नसू दे. तुम्हाला माहीत आहे का?”

मला माहीत नव्हते.

“रोज समोर बसतो ना तो? मग तुम्ही त्याला पाहिलेलंच नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही तुमचा राग पाहिलाय आणि त्याला शर्ट-पँट घातलीय.”

मला राग आला. पण सोमवारी जेवणाच्या सुट्टीत माझी नजर आपोआप साहेबांच्या टेबलाकडे गेली. साहेब भाजीतल्या हिरव्या मिरच्या एकेक करून बाजूला काढत होते. जेवण झाल्यावर त्यांनी त्या कागदात नीट गुंडाळल्या आणि बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवल्या. मंगळवारीही तेच. पुढच्या शनिवारी मी ते वर्गात सांगितले आणि कारणांचा पाढा वाचायला लागले. घरी कुणाला तिखट आवडत असेल, टाकून दिलेले त्यांना चालत नसेल, बायकोला कळू द्यायचे नसेल... बाईंनी मला मध्येच थांबवले.

“कारण कशाला शोधता? मिरच्या तेवढ्या राहू द्या. कारण वाचक शोधेल. तेही तुम्हीच सांगितलंत तर त्याला काम काय उरलं?”

मी कथा पुन्हा लिहिली. साहेबांनी रजा नाकारली ती नाकारलीच, ओरडलेही. पण दुपारी त्यांनी मिरच्या गुंडाळून बॅगेत ठेवल्या आणि त्या एका हालचालीने कथेत माणूस आला. ती माझी छापून आलेली पहिली कथा. वाचकांनी मिरच्यांची इतकी वेगवेगळी कारणे कळवली, की मी बाईंना फोन करून ती वाचून दाखवली. बाई पलीकडून नुसत्या हसत होत्या.

लेखक पात्र कसे घडवतो, या एका प्रश्नावर बाईंनी आयुष्य घालवले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. उंची, वर्ण, नाक-डोळे यांना त्या ‘ओळखपत्रावरची माहिती’ म्हणतात. माणूस काय मागतो आणि काय मागायला लाजतो, हे कळेपर्यंत लिहू नका, असे त्यांचे सांगणे. कुणी पात्राची जन्मापासूनची हकिगत लिहून आणली, की त्या म्हणत, “कादंबरीत माणूस राहायला येतो, कथेत तो दारात उभा असतो. दारातल्या माणसाची कुणी कुंडली मांडत नाही. पण तो चप्पल काढतो की नाही, ते बघायला विसरू नका.” मग फळ्यावर एका पात्राचे नाव लिहून त्याला अडचणीत टाकायला सांगत. अडचणीत पडल्यावर माणूस जे पहिले करतो ते खरे, आपण त्याच्याविषयी आधी जे ठरवले होते ते पुसून टाका, असा त्यांचा नियम होता.

बाई उरणच्या बाजूच्या एका गावातल्या मिठागरवाल्या घरातल्या. जिथे त्यांचे वडील मीठ ओढत, तिथे आता द्रोणागिरीची गोदामे आहेत. शाळेत त्या ‘आमी’, ‘तुमी’ बोलत, म्हणून मुले हसत. ईर्ष्येने त्यांनी प्रमाण मराठी अशी कमावली, की पुढे त्याच विषयाच्या शिक्षिका झाल्या. सुरुवातीच्या त्यांच्या कथांत मिठागरावरच्या बायकाही पुस्तकातल्यासारख्या बोलत. अशी एक कथा त्यांनी हौसेने वडिलांना वाचून दाखवली. वडील लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बाय, ही बाई कुठली? आपल्यान तर आशी कोन बोलत नाय.” बाई सांगतात, की त्या एका वाक्याने त्यांना जे शिकवले ते कुठल्या पदवीने शिकवले नाही. नंतरच्या त्यांच्या कथांत माणसे आपापल्या तोंडाने बोलू लागली.

त्या कथा गावात वाचल्या जातात आणि त्यावरून भांडणेही होतात. एका दिवाळी अंकात बाईंची एक कथा आली होती. कथेतला म्हातारा जमिनीच्या मोबदल्यातून तीन मजली बंगला बांधतो, पण वरच्या मजल्यावर त्याला झोप येत नाही म्हणून खाली गाड्यांच्या जागेत खाट टाकून झोपतो. अंक गावात पोचला आणि एका रविवारी एक वयस्क गृहस्थ तणतणत बाईंच्या घरी आले.

“बाय, तू माझ्यावर लिवलंस. गावान त्वांड दाखवाया जागा नाय ठेवलीस.”

बाई त्यांना बसवून समजावत असतानाच दुसरे गृहस्थ आले, तीच तक्रार घेऊन. त्यांचा चहा व्हायच्या आत तिसरे. मी योगायोगाने तिथे होते. बाईंनी तिघांना समोरासमोर बसवले आणि त्यांच्याच बोलीत विचारले, “तुमी तिघं पन खाली झोपता?”

तिघे एकमेकांकडे बघत राहिले. शेजारी-शेजारी बंगले, पण कुणी कुणाला हे सांगितले नव्हते. पहिल्यांदा आलेले गृहस्थच आधी हसले. मग बाईंनी खरे काय ते सांगितले. यांतल्या कुणाविषयीही त्यांना काही ठाऊक नव्हते. म्हातारपणी त्यांचे वडील पनवेलच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते, ते रोज जेवण झाले की सतरंजी घेऊन खाली वॉचमनजवळ जाऊन झोपत. त्यांच्यावरून ते पात्र सुचले होते. तिघे गेल्यावर बाई मला म्हणाल्या, “एका माणसाकडे नीट बघितलं, की त्याच्यात आणखी दहा जण निघतात. दहा जणांकडे वरवर बघितलं तर एकही निघत नाही.”

माणूस आणि पात्र यांच्यातली ही सीमा बाई फार जपून ओलांडत, आणि दुसऱ्यालाही जपून ओलांडू देत. आमच्या वर्गात अन्वरभाई आहेत. ट्रेलर दुरुस्तीचे त्यांचे गॅरेज आहे. त्यांच्या धाकट्या भावाचा अपघाती मृत्यू झाला, त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी भावावर कथा लिहून आणली. पहिल्याच परिच्छेदात त्यांचा आवाज फुटला. बाईंनी त्यांच्या हातातले कागद हळूच घेतले.

“अन्वरभाई, हा अजून तुमचा भाऊ आहे. पात्र झालेला नाही. आज वाचू नका.”

“मग काय करू, बाई? डोक्यातून जातच नाही.”

“माझ्याकडे येऊन मला सांगा. लिहू नका, नुसतं सांगा.”

त्यानंतर कितीतरी दुपारी अन्वरभाई बाईंच्या घरी चहाला जात राहिले. काय बोलणे होई ते दोघांनाच माहीत. पुढे वर्षभराने त्यांनी वर्गात एक कथा वाचली. तिच्यात एक भाऊ होता, चिडका, उधळ्या आणि भलताच विनोदी. आम्ही सगळे हसलो. अन्वरभाईही हसले. वाचून झाल्यावर म्हणाले, “आता तो माझ्याच गळ्यात पडून राहत नाही, बाई. आता तो चालतो-फिरतो.” बाईंनी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

इथपर्यंतचे सारे लिहिणे सोपे होते. पुढचे तसे नाही.

गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी बाई फळ्याजवळ उभ्या राहून बोलत होत्या. “या बाईच्या हातात...” एवढे म्हणून थांबल्या. आम्हाला वाटले, विचार करतायत. पुन्हा म्हणाल्या, “या बाईच्या...” आणि खडू खाली पडला. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. सगळ्यांत आधी अन्वरभाईंना कळले. “ताई, रिक्षा नका बघू, माझी गाडी खाली आहे,” असे मला ओरडून सांगत त्यांनी बाईंना अक्षरशः उचलले आणि जिना उतरले. इस्पितळात वेळेत पोचलो, मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध वेळेत मिळाले. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले, की जिवाचा धोका टळला. आम्ही जिन्यातच बसकण मारली.

हात-पाय हळूहळू चालू लागले. वाचा मात्र आली नाही. बाईंना सगळे कळत होते, ओळखत सगळ्यांना होत्या, पण शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरत. त्यांच्या धाकट्या बहीण मंजुळामावशी गावाहून सोबतीला येऊन राहिल्या. एक तरुण स्पीच थेरपिस्ट घरी येई. ती चित्रांचे पत्ते दाखवी. छत्री. मांजर. कप. बाई कपाकडे बघत, खऱ्या कपाकडे बोट दाखवत, आणि तोंडातून फक्त “ते... ते...” येई. एकदा त्यांनी पत्ता उलटा टाकला आणि भिंतीकडे तोंड फिरवले. आयुष्यभर माणसांना शब्द पुरवलेल्या बाईंना ‘कप’ म्हणता येत नव्हते.

आम्ही विद्यार्थी घाबरलो होतो. भेटायला जायचे, तर बोलायचे काय? एका बैठकीत कुणीतरी म्हणाले, की बाईंच्या पंचाहत्तरीसाठी ठरलेला हा गौरवग्रंथ लवकर काढू या, निदान बाईंना बघायला तरी मिळेल.

थेरपिस्टने मला सांगितले होते, “त्यांच्याशी नेहमीसारखं बोला. वाचून दाखवा. उत्तराची घाई करू नका.” म्हणून मी शनिवारी दुपारी जाऊ लागले. वर्तमानपत्र वाचून कंटाळा आला, तेव्हा एकदा माझीच अर्धवट कथा घेऊन गेले. कथेत एक म्हातारी होती, मिठागरावर राबलेली. मुलगा तिला म्हणतो, आई, गावातले घर पाडायचे, आपण टॉवरमध्ये राहायला जाऊ. मंजुळामावशी खाली बसून मेथी निवडत होत्या. बाई खुर्चीत होत्या, डोळे मिटलेले. मी म्हातारीचे उत्तर वाचले, “मी माझं घर सोडून कुठेही येणार नाही. या मातीत माझं आयुष्य गेलं आहे.”

बाईंनी डोळे उघडले. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला.

“नाय.”

मी थांबले. मला वाटले, त्यांना काही दुखतेय.

“नाय... नाय. आशी... आशी नाय बोलनार ती.”

मंजुळामावशींच्या हातातली जुडी खाली पडली. “आगो बाय, बोलली गो!” त्या उठायला लागल्या, पण बाईंनी त्यांना हातानेच खाली बसवले. त्यांचे लक्ष माझ्याकडे होते, खरे तर माझ्याकडेही नाही, त्या म्हातारीकडे. कपाळावर घाम आला होता. मला थेरपिस्टचे सांगणे आठवले. मी घाई केली नाही. वर्गात विचारावे तसे विचारले,

“मग ती काय म्हणेल, बाई?”

कितीतरी वेळ गेला. बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्या देत होता.

“ती... इचारील... लेकाला,” बाई एकेक शब्द ओढून काढत होत्या. “त्या घरान... कोंबऱ्या... कोंबऱ्या कुठं ठेवू?”

मंजुळामावशी पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि हसतही होत्या. मी पेन उघडून ते वाक्य लिहून घेतले, कारण ते इतके बरोबर होते! घर सुटणार म्हणून जिचे काळीज फाटते, ती म्हातारी काळजाचे नाव काढणार नाही, ती कोंबड्यांची चौकशी करील. बाईंनी मान डोलावली, खुर्चीत मागे टेकल्या आणि समाधानाने डोळे मिटले. मी खाली येऊन सगळ्यांत आधी अन्वरभाईंना फोन लावला. गॅरेजमधल्या ठोकाठोकीत त्यांना नीट ऐकू येईना. “बोलल्या! बाई बोलल्या!” असे मी रस्त्यात उभी राहून ओरडत होते. पलीकडे ठोकाठोकी थांबली आणि मग फक्त “अल्लाची मेहरबानी” एवढेच ऐकू आले.

थेरपिस्टला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, की कधीकधी शब्द मागितला तर येत नाही, बोलल्यावाचून राहवत नाही अशी वेळ आली की येतो. तिने पत्ते बाजूला ठेवले. त्यानंतर आमची रीत ठरली. आम्ही आळीपाळीने जाऊन पात्रांच्या तोंडी मुद्दाम चुकीची वाक्ये घालून वाचायचो, आणि बाई चिडून दुरुस्त करायच्या. कुणाचा भाजीवाला पंडितासारखा बोले, कुणाची सून नाटकातल्यासारखी. पुढे पुढे बाईंच्या लक्षात आले. “तुमी... मुद्दाम वाईट लिवता,” असे त्या एकदा म्हणाल्या. अन्वरभाई म्हणाले, “नाही बाई, माझं खरोखरच वाईट आहे.” आजारानंतर बाईंना खळखळून हसताना आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

आधी त्यांची गावची बोली परतली, मग काही महिन्यांनी शाळेतली मराठी. त्या स्वतःच सांगतात, “जी आधी शिकले ती आधी आली. दुसरी नंतर घरात आलेली, म्हणून रांगेत मागे राहिली.” आज बाई बोलतात, चालतात, स्वतःचा चहा स्वतः करतात. डॉक्टरांनी औषधे कमी केली आहेत. या आजारावर कथा लिहा, असे अनेकांनी सुचवले. बाईंनी ठाम नकार दिला. “स्वतःचं दुखणं इतक्यात लिहायला घेतलं तर पात्र होत नाही, गाऱ्हाणं होतं.”

या ग्रंथाला त्यांनी होकार दिला तो एका अटीवर. “नुसते गुण लिहाल, तर मी मेले असं वाटेल वाचणाऱ्याला. दोष पण लिहा.” आज्ञेप्रमाणे लिहिते. बाई हट्टी आहेत. फोन उचलत नाहीत आणि आपण उचलला नाही तर रागावतात. दुसऱ्याच्या हातचा चहा त्यांना कधीच आवडत नाही. तोंडावर कौतुक करणे त्यांना जमत नाही. माझ्या पहिल्या संग्रहाविषयी त्यांचे मत मला मंजुळामावशींकडून कळले, तेही संग्रह छापून जुना झाल्यावर.

मागच्या महिन्यात बाई पुन्हा वाचनालयाचा जिना चढल्या. अन्वरभाई दोन पायऱ्या मागे होते, पण त्यांना हात लावू दिला नाही. एका नव्या सभासद बाईंनी आपल्या शूर नायिकेची कथा वाचली. सुगंधाबाईंनी विचारले, “ही घाबरते कशाला?” “ती घाबरतच नाही,” नव्या बाई म्हणाल्या. “मग तिचं शौर्य मोजणार कशात? तिला एक...” आणि बाईंचा शब्द अडला. खोलीत कुणी हलले नाही, कुणी शब्द सुचवला नाही. नव्या सभासद बाई जरा गोंधळल्या, पण त्याही थांबल्या. खिडकीबाहेर तळ्यावर संध्याकाळची माणसे फिरत होती. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. “...भीती द्या. छोटी. पालीची चालेल.” सगळे हसले, आणि वर्ग पुढे सुरू झाला.

सुगंधाबाई, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी आपल्याला उत्तम आरोग्य लाभो, हात लिहिता राहो, आपल्या मनात अजून दाराशी ताटकळत असलेली सगळी माणसे एकेक करून कथेत येवोत. आपण शतायुषी व्हा. आणि बोलता बोलता एखादा शब्द यायला उशीर झालाच, तर काळजी करू नका. आम्ही इथेच बसलो आहोत, आम्हाला कसलीही घाई नाही.